नववीला अणुप्रारूपे शिकवताना: "चुकीचं ठरलं, तर पाठ कशाला करायचं?"

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत गेली अकरा वर्षे विज्ञान शिकवतो आहे. अणूच्या रचनेचा पाठ मी दरवर्षी त्याच क्रमाने घेत आलो: आधी डाल्टन, मग थॉमसन, मग रुदरफोर्ड, मग बोर आणि शेवटी चॅडविकचा न्यूट्रॉन. प्रत्येकाने मांडलेल्या अणूच्या प्रारूपाचे (मॉडेलचे) चित्र फळ्यावर काढायचे, खाली 'मर्यादा' असे लिहून दोन-तीन ओळी उतरवून द्यायच्या आणि पुढच्या शास्त्रज्ञाकडे वळायचे, अशी माझी पद्धत होती.

यंदा थॉमसनच्या प्रारूपाच्या मर्यादा लिहून देत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे चुकीचं ठरलं, तर आम्ही पाठ कशाला करायचं? जे बरोबर आहे तेवढंच सांगा की." विज्ञान असेच पुढे जाते, असे काहीतरी सांगून मी त्या दिवशी वेळ मारून नेली. त्या रात्री वह्या तपासताना मात्र तिच्या प्रश्नाचे वजन मला कळले. 'थॉमसनचे प्रारूप का मागे पडले?' या प्रश्नाला बहुतेक मुलांनी एकच उत्तर लिहिले होते: 'कारण रुदरफोर्डने नवीन प्रारूप मांडले.' एक मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि दुसरे रुजू झाले, इतकाच अर्थ मुलांच्या हाती लागला होता. मधला प्रयोग, त्या प्रयोगाने निर्माण केलेली अडचण आणि त्या अडचणीतून निघालेली वाट यांतले काहीच त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते, आणि हा दोष माझ्या शिकवण्याचा आहे.

मला असे ठामपणे वाटू लागले आहे की प्रत्येक प्रारूप हे कोणत्या तरी पुराव्याला दिलेले उत्तर म्हणूनच शिकवले पाहिजे आणि चित्र सर्वांत शेवटी यायला हवे. परंतु आमच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रे, परीक्षानळ्या आणि एक जुना सूक्ष्मदर्शक यांपलीकडे फारसे काही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांत शिकवणाऱ्यांनी आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

मार्कंडेयतीर

सर, रुदरफोर्डचा भाग मी एका पाटावर शिकवतो, म्हणजे अक्षरशः जेवायला बसण्याच्या पाटावर. चार कोपऱ्यांना विटांचे तुकडे ठेवून पाट जमिनीपासून तीन-चार बोटे उचलून धरायचा आणि मुले वर्गात येण्याआधी त्याच्याखाली एखादी वस्तू चिकटवून ठेवायची: कधी उपडी वाटी, कधी चौकोनी ठोकळा, कधी नुसता दगड. बाजूने जुनी चादर सोडली की खालचे काही दिसत नाही. मग मुलांच्या हाती गोट्या द्यायच्या. एका बाजूने गोटी सोडायची, ती कुठून बाहेर येते ते खडूने जमिनीवर मांडायचे, आणि वाकून पाहायला सक्त मनाई.

पहिल्या दहा-पंधरा गोट्या बहुतेक सरळ पार जातात आणि मुले कंटाळू लागतात. तेवढ्यात एखादी गोटी आली त्याच वाटेने परत येते आणि सगळा गट एकदम खाली बसतो. तो क्षण मला फार मोलाचा वाटतो, कारण मँचेस्टरमध्ये १९०९ साली रुदरफोर्डचे सहकारी गायगर आणि मार्स्डेन धातूच्या पत्र्यावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धनप्रभारित कण) सोडत होते, तेव्हा त्यांच्या वाट्याला नेमके हेच आले होते. मार्स्डेन त्या वेळी वीस वर्षांचा विद्यार्थी होता. अंधाऱ्या खोलीत डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचे आणि मग झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणारे प्रकाशाचे बारीक ठिपके सूक्ष्मदर्शकातून एकेक करून मोजायचे, हे त्यांचे काम होते. त्यांच्या त्या वर्षीच्या लेखात प्लॅटिनमवर पडलेल्या सुमारे ८००० अल्फा कणांपैकी एक परत फिरल्याची नोंद आहे. पुस्तकात सोन्याच्या पत्र्यासाठी जो १२००० पैकी एक हा आकडा येतो, तो मुलांना नुसता पाठ असतो. खडूच्या खुणा मोजून झाल्यावर मात्र त्याच आकड्याकडे ती वेगळ्या नजरेने पाहतात.

त्यानंतर मी एकच प्रश्न विचारतो: थॉमसन म्हणतो तसा धनप्रभार लाडवातल्या गुळासारखा सगळीकडे सारखा पसरलेला असता, तर गोटी परत आली असती का? याचे उत्तर मुले स्वतः देतात आणि थॉमसनच्या प्रारूपाच्या 'मर्यादा' लिहून द्याव्या लागत नाहीत.

आकडेमोड

मी पीयूसीला (अकरावी-बारावीला) भौतिकशास्त्र शिकवतो. दहावी होऊन आलेली मुले माझ्यापुढे बसतात, त्यामुळे नववीत पेरलेले काय उगवते ते मला रोज दिसते. मार्कंडेयतीर सरांचा पाट मला मनापासून आवडला, पण त्यात एक दुरुस्ती सुचवतो, कारण तिचा परिणाम पुढे दोन वर्षे टिकतो.

गोटी ठोकळ्यावर आदळून परत येते, त्यामुळे अल्फा कणही केंद्रकावर, म्हणजे अणूच्या मधोमध एकवटलेल्या धनप्रभाराच्या गाभ्यावर, आदळून परत आला असे मुलांच्या मनात पक्के बसते. प्रत्यक्षात तो केंद्रकापर्यंत पोचलेलाच नसतो. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या साधारण ७ फेम्टोमीटर आहे, आणि त्या काळच्या प्रयोगांतला वेगवान अल्फा कण अगदी समोरासमोर आला तरी सुमारे ३० फेम्टोमीटर अंतरावरूनच माघारी फिरतो. त्याला परतवतो तो दोन धनप्रभारांमधला प्रतिकर्षणाचा जोर. म्हणून गोट्यांच्या नंतर पाच मिनिटे चुंबकाला द्यावीत. जुन्या स्पीकरमधला चकतीसारखा चुंबक टेबलावर ठेवावा, दुसरा चुंबक बांबूच्या काडीच्या टोकाला घट्ट बांधून लंबकासारखा टांगावा आणि दोघांचे सजातीय ध्रुव समोरासमोर येतील असे पाहावे. झोका दिल्यावर वरचा चुंबक खालच्याला न शिवताच वाट बदलतो. स्पर्श न होता दिशा बदलते, हे डोळ्यांनी पाहिले की पुढचा कूलोमचा नियम (दोन प्रभारांमधल्या बलाचा) मुलांना परका वाटत नाही.

थॉमसनविषयीही थोडे लिहितो, कारण त्याच्यावर आपण सगळेच अन्याय करतो. १८९७ साली त्याने कॅथोड किरणांतून इलेक्ट्रॉन दाखवून दिला, म्हणजे अणू अविभाज्य आहे ही डाल्टनची कल्पना प्रयोगाने मोडली. त्यामुळे ऋणप्रभाराचे कण आत आहेत आणि तरीही एकूण अणू उदासीन आहे, या दोन गोष्टींचा मेळ घालणे त्याला भागच होते. त्याच्या १९०४ च्या प्रारूपातले इलेक्ट्रॉन कलिंगडातल्या बियांसारखे रुतून बसलेलेही नव्हते. धनप्रभाराच्या गोलात ते वलयांमध्ये फिरतात, असे त्याने मांडले होते. पुडिंगमध्ये रुतलेल्या मनुकांची उपमा लोकांनी नंतर चिकटवली. 'थॉमसन चुकला' असे म्हणण्याऐवजी 'थॉमसनच्या हाती १९०४ पर्यंतचाच पुरावा होता' असे म्हटले, तर त्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

सीमेवरची पाटी

मी निपाणीकडे आठवी-नववीला विज्ञान शिकवते. वरील सर्व पटले, पण आपल्या भागातली एक अडचण कुणीच मांडली नाही, म्हणून लिहिते. ती भाषेची आहे.

मराठीत अणू आणि रेणू. कन्नडमध्ये मात्र आपल्या अणूला 'परमाणु' म्हणतात आणि आपल्या रेणूला 'अणु' म्हणतात. हिंदीतही तसेच. म्हणजे आपली मुले शाळेत ज्या शब्दाने एक वस्तू शिकतात, त्याच शब्दाने शेजारच्या शाळेतली मुले दुसरी वस्तू शिकतात, आणि संध्याकाळी ती एकाच शिकवणीला एकाच बाकावर बसतात. पुण्या-मुंबईच्या शिक्षकांना याची झळ क्वचितच लागत असेल. आपल्याला ती रोज लागते.

मागच्या वर्षीचे एक उदाहरण देते. आमच्या वर्गातला एक मुलगा कन्नड प्रश्नसंच घेऊन आला. त्यात प्रश्न होता, 'नीरिन ओंदु अणुविनल्लि एष्टु परमाणुगळिवे?' म्हणजे पाण्याच्या एका रेणूत किती अणू आहेत? त्याने उत्तर लिहिले होते 'तीन', आणि त्याला पूर्ण गुणही मिळाले होते. मी सहज विचारले, तीन कसे काढलेस? तो म्हणाला, "बाई, अणूत तीन प्रकारचे कण असतात ना, इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन." दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन ही गोष्ट त्याच्या मनात आलीच नव्हती. उत्तर बरोबर होते, समज पूर्णपणे वेगळीकडे गेली होती, आणि मी विचारले नसते तर ते कुणाच्याही लक्षात आले नसते.

त्यात आणखी एक गाठ आहे. कन्नडमध्येही कैगाच्या अणुवीज प्रकल्पाला लोक 'अणु विद्युत् स्थावर' म्हणतात आणि बाँबला 'अणुबाँब'च म्हणतात, म्हणजे रोजच्या बोलण्यातला 'अणु' पुन्हा आपल्या अर्थाकडे झुकतो. म्हणून मी पाठाच्या पहिल्याच दिवशी वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावते. त्यात पाण्याच्या एका रेणूचे चित्र असते आणि त्यातल्या प्रत्येक भागापुढे मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तिन्ही शब्द मी लिहिते, इंग्रजीही देवनागरीतच: ॲटम, मॉलिक्यूल. तो तक्ता दहावीच्या परीक्षेपर्यंत काढत नाही.

केंद्रक या शब्दाचेही तसेच. पेशीच्या पाठात पेशीकेंद्रक आणि इथे अणुकेंद्रक. दोन्ही पाठ एकाच वर्षी येतात आणि चित्रेही सारखीच दिसतात: एक गोल आणि मध्ये एक ठिपका. "अणू वाढतो का, त्याला अन्न लागतं का?" असा प्रश्न मला दोनदा आलेला आहे. तो प्रश्न विचारणारे मूल अजिबात मंद नसते. आपण दोन पाठांत काढलेली दोन चित्रे त्याने नीट पाहिलेली असतात, एवढेच.

जांबोटी रोड

एक शंका आहे. आमच्या शाळेत हा पाठ कणादांपासून सुरू करण्याची प्रथा आहे. ती योग्य आहे का?

मार्कंडेयतीर

सुरुवात करायला हरकत नाही, पण दोन्ही विचारांचा पाया वेगळा आहे हे त्याच तासाला सांगावे. कणादांच्या वैशेषिक दर्शनात वस्तूचे तुकडे करत गेलो तर कुठेतरी थांबावेच लागेल, या तर्काने परमाणू मानला आहे. दोन परमाणूंचे द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. कवडशात तरंगताना दिसणारा सर्वांत बारीक कण तो हाच, असे ते मानत. हा विचार खोल आहे आणि मुलांना तो आवडतो. डाल्टन तिथे तराजूच्या वाटेने पोचला. त्याच्या १८०८ च्या ग्रंथामागे वजनांचे गुणोत्तर उभे आहे. १२ ग्रॅम कार्बन कधी १६ ग्रॅम ऑक्सिजनशी जोडला जातो, कधी बरोबर दुप्पट म्हणजे ३२ ग्रॅमशी, पण मधल्या २० किंवा २५ ग्रॅमशी जोडला जात नाही. पदार्थ मोजून घ्यायच्या नगांत येतो, असे मानल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ लागत नाही. 'पुरावा आधी, चित्र नंतर' ही धागाकर्त्यांची भूमिका डाल्टनपासूनच लागू करता येते.

भुईकोट

मी निवृत्त शिक्षक आहे. आकाराच्या प्रमाणाविषयी लिहितो, कारण फळ्यावरच्या चित्रात सर्वांत मोठी फसगत तिथे होते. खडूने काढलेल्या रुदरफोर्डच्या अणूत केंद्रक सुपारीएवढे आणि अणू ताटाएवढा दिसतो. पुस्तकात अणूची त्रिज्या केंद्रकाच्या एक लाख पट दिलेली असते. (मूलद्रव्यानुसार हे प्रमाण बदलते आणि सोन्यासाठी ते वीस हजारांच्या आसपास भरते, पण नववीसाठी लाख पुरे.)

मी मुलांना मैदानात नेत असे. मधोमध वहीचा कोरा कागद ठेवायचा आणि त्यावर ज्वारीचा एक दाणा. दाणा साधारण ४ मिलिमीटरचा. हे केंद्रक समजा, असे सांगून विचारायचे की अणूची कड कुठे येईल? मुले दहा पावले जातात, वीस पावले जातात. मग गणित करायला लावायचे: ४ मिलिमीटरच्या लाख पट म्हणजे ४०० मीटर व्यास, मधून कडेपर्यंत २०० मीटर. आमचे मैदान तिथे अपुरे पडायचे, फाटकाबाहेर पडून बसथांब्याच्या पुढे जावे लागायचे. दोन मुलांना तिथे उभे करून बाकीच्यांनी दाण्यापाशी थांबायचे. दाणा तर सोडाच, कागदसुद्धा त्या दोघांना दिसत नसे. अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान त्या दाण्यात आहे, हे वाक्य मी तिथे, उन्हात उभा राहून सांगत असे, आणि परत येताना मुले बरेच कमी बोलत.

एकदा परतीच्या वाटेवर एका मुलाने विचारले, "मग मधल्या एवढ्या जागेत हवा असते का?" हा प्रश्न आला नाही तर शिक्षकाने स्वतः काढावा, कारण तो जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो. हवा स्वतःच अणू-रेणूंची बनलेली आहे, तेव्हा अणूच्या आत हवा कशी असेल? एवढा उलट प्रश्न पुरतो.

आकडेमोड

भुईकोट सरांनी फार चांगला मुद्दा काढला. आता बोरविषयी, कारण आपल्याकडे सर्वांत घाईत उरकला जाणारा भाग तोच.

केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा बाहेर टाकेल आणि केंद्रकात कोसळेल, हा रुदरफोर्डच्या प्रारूपावरचा आक्षेप आपण एका ओळीत सांगतो. जुन्या भौतिकशास्त्राने हिशेब केला तर हायड्रोजनचा अणू सेकंदाच्या सुमारे दहा हजार कोटीव्या भागात कोसळायला हवा. बाक आहे, फळा आहे, आपण आहोत, म्हणजे त्या हिशेबात काहीतरी चुकते आहे. मुलांना हा विरोधाभास थेट द्यावा आणि थोडा वेळ त्यात राहू द्यावे.

पुरावा स्वयंपाकघरात आहे. भाताची पेज उतू जाऊन गॅसवर सांडते तेव्हा निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा आहे. वर्गात शिक्षकाने स्वतः चमच्याच्या टोकावर मीठ घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरावे आणि मुलांनी जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर पडलेले प्रतिबिंब तिरके पाहावे. मेणबत्तीचा पट्टा सलग सप्तरंगी दिसतो. मिठाच्या ज्योतीत ५८९ नॅनोमीटरचा पिवळा भाग उठून दिसतो. जुना सीएफएल दिवा असेल तर त्यात हिरवे, निळे असे सुटे सुटे पट्टे आणखी स्पष्ट दिसतात. सूर्याकडे मात्र कुणीही सीडी धरू नये. अणू हवा तो रंग देत नाही, ठरावीकच रंग देतो. असे का, या प्रश्नाला १९१३ साली बोरने उत्तर दिले: इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच फिरतात आणि एका कक्षेतून दुसरीत उतरताना ठरावीक रंगाचा प्रकाश देतात.

आणि इथे एका शिक्षकाची आठवण काढायलाच हवी. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे मुलींच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या योहान बाल्मरने १८८५ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, हायड्रोजनच्या प्रकाशातल्या ठरावीक रंगरेषांचे (त्यांच्या तरंगलांबीचे) सूत्र शोधले. नववीच्या मुलांना ते सहज जमते: ३६४.५ ला 'म'च्या वर्गाने गुणायचे आणि 'म'च्या वर्गातून ४ वजा करून येणाऱ्या संख्येने भागायचे. म = ३ घेतल्यास ६५६, ४ घेतल्यास ४८६, ५ घेतल्यास ४३४, ६ घेतल्यास ४१० नॅनोमीटर. मोजलेल्या रेषा तिथेच सापडतात. ३, ४, ५, ६ अशा पूर्ण संख्या का याव्यात, हे बाल्मरला ठाऊक नव्हते. बोरच्या ठरावीक कक्षांमुळे ते कळले. या क्रमाने गेलो तर कक्षांना, म्हणजे कवचांना, दिलेली 'के, एल, एम, एन' ही अक्षरे पाठ करण्यापुरती राहत नाहीत.

एक सावधगिरी. २n² या सूत्राने (n म्हणजे कवचाचा क्रमांक) तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, तरी पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो (२, ८, ८, १). चाणाक्ष मूल हे विचारतेच. बाह्यतम कवचात आठांहून अधिक नसतात हा नियम द्यावा, आणि त्यामागचे कारण बोरच्या प्रारूपात नाही, ते पीयूसीला उपकवचे शिकताना येईल, हेही त्याच दमात सांगावे.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या आठवड्यात मी पाट, चुंबक आणि ज्वारीचा दाणा हे तिन्ही केले आणि तिन्ही भाषांतल्या शब्दांचा तक्ताही लावला. पाटाखाली मी मुद्दाम लहान दगड ठेवला होता. सत्तावीस गोट्या सरळ गेल्या, अठ्ठाविसावी परतली. फळ्यावर मी या वेळी एकही 'मर्यादा' लिहून दिली नाही, पण वह्यांत आता 'धनप्रभार पसरलेला असता तर गोटी परत आली नसती' अशी, मुलांच्या स्वतःच्या शब्दांतली वाक्ये दिसत आहेत. काहींनी केंद्रकाऐवजी 'दगड' असेच लिहिले आहे. ते मी तूर्त खोडलेले नाही.

बोरचा तास काल झाला. त्या मुलीने पुन्हा हात वर केला: "सर, मग बोरचं कुठल्या प्रयोगानं अडलं?" आकडेमोड सर, नववीला पेलेल असे उत्तर आपण द्याल का?

आकडेमोड

दोन गोष्टी सांगा. हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तिथे बोरचा हिशेब अचूक येतो. हीलियममध्ये दोन असतात, आणि तिथल्या रेषा त्या हिशेबातून निघेनात. दुसरी गोष्ट १९२७ सालची. इलेक्ट्रॉनचा झोत स्फटिकावर किंवा धातूच्या अतिशय पातळ पत्र्यावर सोडला, तर तो लाटांसारखा वागून नक्षी उमटवतो, असे अमेरिकेत डेव्हिसन आणि जर्मर यांनी व ब्रिटनमध्ये जॉर्ज थॉमसनने दाखवले. लाटेला रेघेसारखी बारीक कक्षा नसते, म्हणून तिथून पुढे अणूचे चित्र ढगासारखे काढतात. हा जॉर्ज थॉमसन म्हणजे जे. जे. थॉमसनचा मुलगा. वडिलांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन कण म्हणून दाखवला आणि मुलाने तीस वर्षांनी त्याच इलेक्ट्रॉनची लाट दाखवली. दोन्ही साले फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि तिला विचारा, यांतल्या कोणत्या थॉमसनचा प्रयोग खोडायचा?